आतून मेलेला, बाहेरून जिवंत

क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसला किंवा शाळेच्या पायरीवर पोर आपटलं, की पुढचा दात दर वेळी तुटतोच असं नाही. दोन दिवस तो ठणकतो, जरा हलतो, मग घट्ट होतो आणि घरातले सगळे ते विसरून जातात. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी आईच्या लक्षात येतं, की तो एकच दात पिवळट दिसतोय. पुढे तो करडा होतो, मग काळपट. डॉक्टर सांगतात, नस मेली आहे.

नस म्हणजे दाताच्या पोकळीतला मऊ गाभा. मार बसतो तेव्हा मुळाच्या टोकातून आत येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि पोकळीत रक्त साकळतं. तांबड्या पेशी फुटतात, त्यांतलं हिमोग्लोबिन पोकळीभोवतालच्या कठीण थराच्या, म्हणजे डेंटिनच्या, सूक्ष्म नलिकांमध्ये शिरतं, त्याचं विघटन होऊन लोह सुटं होतं. जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडशी या लोहाचा संयोग झाला, की काळं लोह सल्फाइड तयार होतं. चहाचा आणि तंबाखूचा डाग दाताच्या बाहेर बसतो, तो खरवडून निघतो. हा डाग आत मुरलेला असतो. रूट कॅनॉल करून मेलेला गाभा काढला तरी डेंटिनमधला रंग तिथंच राहतो. पोकळीच्या कोपऱ्यात राहून गेलेला गाभ्याचा तुकडा किंवा मूळ भरताना वापरलेलं सिमेंट कधी कधी त्यात भरच घालतं.

हा रंग उतरवण्याची धडपड गेली पावणेदोनशे वर्षं चालू आहे. या काळात रसायनं बदलली, आणि रसायनांना घाई करायला लावणारी साधनं तर सतत बदलत राहिली: विजेचा प्रवाह, अतिनील किरण, तापवलेली सळई, फोटोग्राफरचा दिवा, शेवटी लेसर. जिवंत दातापेक्षा मेलेल्या दातावर हे प्रयोग करणं सोपं होतं, कारण तो दुखत नाही. कितीही तापवा, रुग्ण खुर्चीत शांत बसून राहतो. मात्र असा दात फक्त आतून मेलेला असतो. त्याच्या मुळाला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणारे तंतू, मुळावरचं सिमेंटमचं पातळ आवरण आणि भोवतालचं हाड हे सगळं जिवंत असतं. दंतवैद्यकाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण रंग उतरवण्याच्या नादात त्याचा विसर पडला, आणि त्याची किंमत कळायला १९७९ साल उजाडावं लागलं.

सुरुवात अमेरिकेत झाली. १८४८च्या सुमारास तिथले काही दंतवैद्य क्लोराइड ऑफ लाइम मेलेल्या दातात भरू लागले होते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीत हा पदार्थ सापडतो. विहिरीत आणि पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर हीच. कापड गिरण्यांमध्ये सूत पांढरं करण्यासाठी ती आधीपासून वापरात होती, आणि दंतवैद्यांनी ती तिथूनच उचलली. १८६४ साली जेम्स ट्रूमन यांनी या कामाला पद्धतीचं रूप दिलं. कॅल्शियम हायपोक्लोराइटवर ॲसेटिक आम्ल घालायचं, सुटणारा क्लोरीन पोकळीतून डेंटिनमध्ये जाऊ द्यायचा, आणि रंग फिका होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. योगायोग असा, की त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सॅनफोर्ड बार्नम यांनी दाताभोवती ताणून बसवायची रबराची पातळ चादर शोधून काढली. ती नसती तर क्लोरीन आणि पुढची जळजळीत द्रावणं तोंडात वापरणं फार काळ शक्य झालं नसतं. आजही दात ब्लीच करण्याआधी डॉक्टर पहिल्यांदा रबर डॅमच लावतात.

ट्रूमन हे फिलाडेल्फियाचे. त्यांचं नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगं आहे. १८६७मध्ये हेन्रिएट हिर्शफेल्ड ही जर्मन बाई दंतवैद्यक शिकायला त्या शहरात आली, तेव्हा बाईला प्रवेश नको म्हणणाऱ्या सहकाऱ्यांसमोर ट्रूमन तिच्या बाजूनं उभे राहिले. १८६९ साली पदवी घेऊन ती बर्लिनला परतली आणि तिनं तिथं दवाखाना थाटला. पुढे १८८३मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला गेल्या तेही हेच शहर.

क्लोरीननंतर पुढच्या तीस वर्षांत दंतवैद्यांनी हाताला लागेल ते रसायन दातात घालून पाहिलं. ऑक्झॅलिक आम्ल वापरलं गेलं, सल्फ्युरस आम्ल वापरलं गेलं, धातूचे डाग काढायला चक्क पोटॅशियम सायनाइडसुद्धा. रंग कशामुळे आला आहे त्याप्रमाणे रसायन निवडावं, हा विचार त्यामागे होता आणि तो विचार म्हणून चुकीचा नव्हता. लोहाचा डाग वेगळा, चांदीचा वेगळा. पण विष ते विषच, आणि दात तोंडातच असतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड आल्यावर चित्र बदललं. लुई जॅक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ते १८१८मध्येच तयार केलं होतं, पण दातासाठी ते वापरावं हे १८८०च्या दशकात रुजलं. १८९३मध्ये फिलाडेल्फियाच्याच एडवर्ड कर्क यांनी सोडियम पेरॉक्साइड पुढे आणलं. त्याच सुमारास पायरोझोन नावाचं औषध बाजारात आलं. ईथरमध्ये विरघळवलेलं २५ टक्के पेरॉक्साइड असं त्याचं रूप होतं. ते हिरडीला लागलं तर हिरडी पांढरी पडून सोलून निघायची. पेरॉक्साइड रंगाच्या मोठ्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतं. रेणूचे तुकडे लहान झाले, की ते प्रकाश पूर्वीसारखा शोषत नाहीत आणि दात उजळ दिसतो. हे काम तेव्हाही असंच होत होतं आणि आजही असंच होतं. यापुढच्या सगळ्या शोधांमध्ये रंग तोडणारं रसायन पेरॉक्साइडच राहिलं.

मग घाई आली. १८९५मध्ये वेस्टलेक यांनी पायरोझोनला विजेच्या प्रवाहाची जोड दिली. शहरांत वीज नुकतीच आली होती आणि वैद्यकात तिचा उपयोग प्रत्येक जण शोधत होता. तीच गोष्ट प्रकाशाची. कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचे उपचार केले आणि १९०३चं नोबेल पारितोषिक मिळवलं. प्रकाश हे औषध आहे, ही कल्पना तेव्हा साऱ्या युरोपात पसरली. १९११मध्ये रॉसेन्टाल यांनी दात ब्लीच करताना अतिनील किरण वापरावेत असं सुचवलं. १९१८मध्ये ॲबट यांनी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि झगझगीत दिवा यांची जोडी जमवली. हे पेरॉक्साइड मर्क कंपनी सुपरऑक्सॉल या नावानं विकत असे. १९२४मध्ये प्रिन्झ यांनी पोकळीत सोडियम परबोरेट आणि सुपरऑक्सॉल यांचं तापवलेलं मिश्रण घालून त्यावर दिवा धरायला सांगितलं. अर्धशतकभर हीच जोडी टिकली, आणि आजच्या दवाखान्यातल्या निळ्या दिव्याची वंशावळ तिथपर्यंत जाते.

दिवा नेमकं काय करत होता? हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू थेट प्रकाशानं फोडायचा तर अतिनील पट्ट्यातले, साधारण ३६५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण लागतात. दिसणाऱ्या उजेडाच्या कणात तेवढी ऊर्जाच नसते. म्हणजे ॲबटच्या दिव्याखाली आणि पुढच्या बहुतेक दिव्यांखाली जे घडत होतं, ते प्रकाशाचं काम नव्हतं, उष्णतेचं होतं. द्रावणाचं तापमान १० अंशांनी वाढलं, की पेरॉक्साइडचं विघटन दुपटीहून थोडं जास्त वेगानं होतं. दिवा हा दूर उभा राहून दात तापवणारा स्टोव्ह होता. उष्णता चालते हे कळल्यावर काही दंतवैद्यांनी दिवा बाजूला ठेवला आणि पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पोकळीत ठेवून त्याला तापवलेल्या उपकरणाचं टोक लावायला सुरुवात केली. वाफ निघायची, बोळा सुकायचा, नवा बोळा ठेवायचा, पुन्हा तापवायचं. १९६५मध्ये स्टुअर्ट यांनी ही पद्धत नीट मांडली. दंतवैद्यकाच्या पुस्तकांत तिला थर्मोकॅटॅलिटिक पद्धत म्हणतात. ज्यांना उपकरण नको होतं ते छायाचित्रकारांचे मोठ्या वॅटचे फोटोफ्लड दिवे रुग्णाच्या तोंडासमोर ठेवत. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात रबर डॅम, ओठांखाली व्हॅसलीन, आणि दिव्याखाली अर्धा तास.

या सगळ्या लगबगीत एक दुसरी, शांत वाट चालू होती. तिचा शोध कपडे धुण्याच्या उद्योगाशी जोडलेला आहे. १९०७मध्ये जर्मनीच्या हेंकेल कंपनीनं पर्सिल हा धुण्याचा सोडा काढला. त्यात सोडियम परबोरेट होतं. पाण्यात पडलं की ते हळूहळू पेरॉक्साइड सोडतं, म्हणून कपडे न घासता, उन्हात न वाळवता पांढरे होत. १९३८मध्ये साल्व्हास यांनी परबोरेट आणि पाणी कालवून त्याचा लगदा दाताच्या पोकळीत भरून ठेवायची युक्ती सांगितली. त्या वेळी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या हर्बर्ट स्पॅसर यांनी तीच युक्ती पुन्हा मांडली. वाळूसारखा ओलसर लगदा पोकळीत दाबून भरायचा, वर तात्पुरतं सिमेंट लावायचं आणि रुग्णाला घरी पाठवायचं. काही दिवसांनी बोलवायचं, रंग पाहायचा, लागलं तर लगदा बदलायचा. दिवा नाही, सळई नाही. रुग्ण ऑफिसात बसलेला असताना, भाजी निवडत असताना, झोपेत असताना दात आपला उजळत राहतो. १९६३मध्ये नटिंग आणि पो यांनी पाण्याऐवजी ३० टक्के पेरॉक्साइड घेऊन परिणाम वाढवायचा प्रयत्न केला. हिंडत्या-फिरत्या रुग्णाच्या दातात चालू राहणाऱ्या या उपचाराचं वॉकिंग ब्लीच हे नाव त्यांच्या लेखनातून रुळलं.

या पद्धतीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिच्यातलं शहाणपण लगेच दिसत नाही. खुर्चीतल्या अर्ध्या तासात रंग उतरवायचा असेल तर पेरॉक्साइड तीव्र हवं आणि ते तापवायलाही हवं. तेच काम आठवडाभर चालू ठेवलं तर सौम्य पेरॉक्साइडही पुरतं, कारण डेंटिनच्या नलिकांत खोलवर जायला त्याला वेळ मिळतो. पुढे इलान रोटस्टाइन यांनी परबोरेट पाण्यात कालवून आणि पेरॉक्साइडमध्ये कालवून अशी तुलना केली, तेव्हा शेवटी उतरलेल्या रंगात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे स्पॅसरचं साधं पाणी पुरेसं होतं. फक्त ते थोड्या दिवसांनी फळ देणारं होतं, आणि रुग्णाला एक-दोन वेळा जास्त यावं लागणार होतं.

तरीही १९६०च्या आणि १९७०च्या दशकात अनेक दवाखान्यांत दोन्ही पद्धती एकत्र चालल्या. आधी दिव्यानं किंवा सळईनं तापवून बराचसा रंग काढायचा, मग लगदा भरून पाठवायचं. रुग्ण पहिल्याच भेटीत आरशात पाहून खूश व्हायचा. दात दुखायचा नाही, कारण दुखायला आत काहीच नव्हतं. जिवंत दाताबाबत मात्र याच काळात इशारा मिळाला होता. १९६५मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांना मोजून उष्णता दिली आणि दाखवलं, की गाभ्याचं तापमान अवघ्या साडेपाच अंशांनी वाढलं तरी काही गाभे मरतात. हा आकडा दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. मेलेल्या दाताला गाभाच नसल्यानं हा इशारा त्याला लागू नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. मुळाच्या बाहेरच्या बाजूला किती उष्णता पोहोचते, हे कुणी मोजलं नाही.

१९७९मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जेराल्ड हॅरिंग्टन आणि यूजीन नॅटकिन यांनी एक शोधनिबंध छापला. त्यांच्याकडे आलेल्या काही रुग्णांच्या दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीच्या काठाजवळ जिथं मुकुट संपून मूळ सुरू होतं तिथं, मूळ बाहेरून खाल्लं जात होतं. एक्स-रेमध्ये तिथं काळा खड्डा दिसायचा. या दातांना लहान वयात मार बसला होता, रूट कॅनॉल झालं होतं, आणि नंतर सुपरऑक्सॉल व उष्णता वापरून ते ब्लीच केले गेले होते. ब्लीच करून कित्येक वर्षं उलटल्यावर हे सुरू झालं होतं. वेदना नव्हत्या. काहींना तर दुसऱ्याच कारणानं काढलेल्या एक्स-रेमुळे कळलं. या रोगात खड्डा मोठा झाला तर दात काढावा लागतो. तो पांढराशुभ्र असला तरी.

कारण शोधताना लक्ष गेलं ते दाताच्या मानेकडे. मुकुटावरचं एनॅमल आणि मुळावरचं सिमेंटम सहसा तिथं एकमेकांना भिडतात किंवा एकमेकांवर चढतात. पण सुमारे दहातल्या एका दातात त्यांच्यात फट असते आणि डेंटिन उघडं पडलेलं असतं. शिवाय डेंटिनच्या नलिका मानेजवळ सरळ जात नाहीत, तिरक्या बाहेर येतात. पोकळीत घातलेलं पेरॉक्साइड या नलिकांमधून वाट काढत मुळाच्या बाहेर पोहोचू शकतं, आणि उष्णतेमुळे त्याचा वेग वाढतो. बाहेर ते मुळाला बांधून ठेवणाऱ्या तंतूंना आणि हाडाला डिवचतं. सूज येते, हाड आणि मूळ खाणाऱ्या पेशी गोळा होतात. लहानपणी बसलेल्या मारानं सिमेंटमचं आवरण आधीच खराब झालेलं असेल तर त्या पेशींना दार उघडंच मिळतं. काढलेल्या दातांच्या मुळातून पेरॉक्साइड खरोखर बाहेर झिरपतं हे रोटस्टाइन यांनी प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. १९९०मध्ये मॅडिसन आणि वॉल्टन यांनी कुत्र्यांच्या दातांवर वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या, तेव्हा मूळ खाल्लं जाण्याचा संबंध उष्णता वापरलेल्या दातांशी दिसला.

किती जणांना हे झालं? १९८८मध्ये फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी ब्लीच केलेल्या ५८ दातांचा मागोवा घेतला, त्यातल्या चारांत असं मूळ खाल्लं गेलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या जेफ्री हिथरसे यांनी १९९४मध्ये २०४ दातांचा हिशोब मांडला, त्यातही चार दात निघाले. त्या चारही दातांना पूर्वी मार बसलेला होता. आकडे लहान आहेत. ज्यांच्या तोंडात ते चार दात होते त्यांच्यासाठी मात्र ते लहान नव्हते, कारण अशा उपचाराला येणारे बहुतेक जण तरुण असतात आणि दात तोंडाच्या अगदी मधोमध असतो.

या काळात आणखी एक मोजमाप हाती आलं. १९८३मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये एरिकसन आणि अल्ब्रेक्टसन यांनी सशांच्या हाडावर प्रयोग करून सांगितलं, की हाडाला ४७ अंश उष्णता एक मिनिट दिली तरी त्याचं नुकसान होतं. त्यांचा प्रयोग होता कृत्रिम दाताचे स्क्रू हाडात बसवताना ड्रिलनं होणाऱ्या उष्णतेविषयी. पण मेलेल्या दाताला तापवणाऱ्या प्रत्येकासाठी तो आकडा तितकाच महत्त्वाचा होता. शरीराचं तापमान ३७ धरलं तर मुळाच्या बाहेरच्या हाडाकडे फक्त दहा अंशांची सवड उरते.

या धक्क्यानंतर दंतवैद्यकानं पद्धत बदलली. रूट कॅनॉलचं भरण मानेच्या थोडं खाली कापायचं आणि त्यावर ग्लास आयनोमरसारख्या सिमेंटचा सुमारे दोन मिलिमीटरचा थर द्यायचा, म्हणजे पेरॉक्साइड खाली उतरणार नाही. १९९४मध्ये स्टायनर आणि वेस्ट यांनी हा थर सपाट न ठेवता मानेच्या रेषेबरोबर चढता-उतरता ठेवावा असं दाखवलं, कारण दाताच्या बाजूंना ती रेषा वर सरकते. परबोरेट शक्यतो पाण्यातच कालवायचं. तापवायचं नाही. उजेडाची गोष्ट इथं संपली असती.

पण लेसर आला होता. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. पाच वर्षांच्या आत सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो आपला दंतवैद्य भाऊ बर्नार्ड यांच्या दातावर मारून पाहिला होता. १९६४ साली विल्यम ब्रिजेस यांचा निळसर हिरवा आर्गॉन लेसर आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर तयार झाला. तो तयार करणारे सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. वयाच्या पंचविशीत त्यांनी केलेलं हे यंत्र आजही कारखान्यांत पोलाद कापतं आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत मऊ ऊती कापतं. त्याचे किरण पाणी पटकन शोषून घेतं, म्हणून ते शरीरावर पडले की पृष्ठभागावरच उष्णता होते.

१९९६मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सॉल्ट लेक सिटीच्या आयन लेसर टेक्नॉलॉजी या कंपनीला दात पांढरे करण्यासाठी आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन लेसरांना परवानगी दिली. आर्गॉनचा निळा किरण डाग असलेल्या भागात जास्त शोषला जातो, त्यामुळे तो नेमका डागावर काम करतो, आणि मग कार्बन डायऑक्साइड लेसर उरलेल्या पेरॉक्साइडला ऊर्जा देतो, अशी त्यामागची मांडणी होती. ऐकायला ती पटते. पण कार्बन डायऑक्साइड लेसर दातावर देतो ती शुद्ध उष्णता, म्हणजे १९६५च्या सळईचीच उष्णता, फक्त महागड्या पेटीतून. १९९८मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या वैज्ञानिक परिषदेनं लेसर ब्लीचिंगचा आढावा घेतला. गाभ्याला धोका असल्यानं कार्बन डायऑक्साइड लेसर वापरू नये, आणि लेसरनं दात जास्त पांढरे होतात हे सिद्ध करणारे नियंत्रित अभ्यास उपलब्ध नाहीत, असं तिनं स्पष्ट म्हटलं. त्याच वर्षी त्या कंपनीनं नाव बदलून ब्राइटस्माइल असं ठेवलं, लेसर सोडला आणि ती निळ्या उजेडाच्या दिव्याकडे वळली. मग झूम नावाचा दिवा आला, प्लाझ्मा आर्क दिवे आले, एलईडी आले, हिरव्या किरणाचा केटीपी लेसर आला, पेनाएवढ्या टोकाचे डायोड लेसर आले. यांच्या जेलमध्ये किरण शोषणारा लाल, निळा किंवा जांभळा रंग मिसळलेला असतो, म्हणजे उष्णता दातात न जाता जेलमध्येच अडावी. हा बदल चांगला आहे, आणि त्यामागे जुन्या चुकांचा अभ्यास आहे.

पण दात जास्त पांढरा होतो का? २००७मध्ये बुखाला आणि अटिन यांनी उष्णता, दिवा आणि लेसर यांवरचं सगळं उपलब्ध संशोधन चाळलं आणि अशा साधनांचा खास फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणून त्यांचा नेहमीचा वापर टाळावा, असा निष्कर्ष काढला. नंतरच्या आढाव्यांतही तीव्र पेरॉक्साइडला दिव्याची जोड दिल्यानं अंतिम रंगात लक्षणीय फरक आढळलेला नाही. दिव्याखालून उठल्यावर दात खूप पांढरा दिसतो त्याचं एक कारण अगदी साधं आहे. तोंड उघडं ठेवल्यानं आणि उष्णतेनं दात सुकतो, आणि सुकलेलं एनॅमल जास्त अपारदर्शक, पांढरं दिसतं. लाळेनं तो पुन्हा ओला झाला, की काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत तो फरक निघून जातो. उपचारानंतर लगेच काढलेला आधीचा-नंतरचा फोटो म्हणूनच फसवा असतो. दवाखान्यात जाहिरात पाहणाऱ्यानं हे आवर्जून विचारावं, की फोटो किती दिवसांनी काढला आहे.

हे बहुतेक अभ्यास जिवंत दातांवरचे आहेत. मेलेल्या दाताबाबत तर दिव्याची गरज आणखी कमी, कारण रसायन बाहेरून एनॅमल ओलांडून जायचंच नाही, ते डेंटिनला चिकटून आतच बसतं. तरीही दवाखान्यांत पोकळी उघडी ठेवून त्यात ३५ टक्के पेरॉक्साइडचं जेल भरतात आणि त्यावर डायोड लेसर फिरवतात. काम एका बैठकीत होतं. काळजीपूर्वक, मानेवरचा थर नीट देऊन, थोड्या थोड्या वेळानं किरण थांबवून केलं तर ते १९६०च्या दशकातल्या सळईपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. पण तीव्र पेरॉक्साइड आणि उष्णता ही जोडी तीच आहे, आणि त्या दाताला पूर्वी मार बसलेला असण्याची शक्यताही तितकीच आहे. मार बसल्यामुळेच तर तो काळा पडलेला असतो.

दुसरीकडे सौम्य वाट आणखी सोपी झाली. १९८९मध्ये हेवूड आणि हेमन यांनी दातावर बसणाऱ्या पातळ ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून रात्रभर ठेवण्याची पद्धत छापली. त्याआधी कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात बिल क्लुस्मायर हे दात सरळ करणारे डॉक्टर हिरड्यांसाठी असलेलं हे औषध रुग्णांना देत होते, आणि हिरड्यांबरोबर दातही उजळतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९९७मध्ये सेटेम्ब्रिनी आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना मेलेल्या दातासाठी वापरली. पोकळी काही दिवस उघडी ठेवायची, मानेवर सिमेंटचा थर द्यायचा, आणि रुग्णानं स्वतः घरी पोकळीत आणि ट्रेमध्ये सौम्य जेल घालायचं. रंग हवा तितका उतरला, की थांबायचं. आधीच्या पद्धतीनं ज्या कामाला महिनाभर लागायचा, ते इथं काही दिवसांत होतं, आणि तेही उष्णतेशिवाय.

स्पॅसरच्या परबोरेटवर मात्र युरोपात गदा आली. बोरॉनची संयुगं प्रजननक्षमतेला घातक ठरू शकतात म्हणून युरोपीय संघानं सोडियम परबोरेटचं वर्गीकरण बदललं, आणि सौंदर्यप्रसाधनांत त्याला जागा उरली नाही. दात पांढरे करण्याची उत्पादनं तिथं कायद्यानं प्रसाधनांतच मोडतात. २०१२पासून लागू झालेल्या नियमानं ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइड असलेली उत्पादनं फक्त दंतवैद्याच्या हाती ठेवली आणि त्याहून तीव्र पेरॉक्साइडची वाट बंद केली. तिथले दंतवैद्य त्यामुळे कार्बामाइड पेरॉक्साइडच्या जेलकडे वळले. १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून साधारण साडेपाच टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, म्हणजे ते मर्यादेत बसतं, आणि पोकळीत बंद करून ठेवलं तर रंग उतरवायला पुरतंही.

किती टिकतं, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. इटलीतल्या एका अभ्यासात ब्लीच केलेले ३५ दात १६ वर्षांनी पुन्हा तपासले गेले. त्यातल्या २२ दातांचा रंग टिकून होता. उरलेले दात पुन्हा काळवंडले होते, बहुधा भरणाच्या कडेनं लाळ आणि रंगद्रव्यं आत झिरपल्यामुळे. असा दात पुन्हा ब्लीच करता येतो. कॅप बसवण्यासाठी एनॅमल चहूबाजूंनी कापून टाकलं, तर मात्र ते परत येत नाही. म्हणून मार लागून काळ्या पडलेल्या दाताला आधी रूट कॅनॉल, मग सिमेंटचा थर, मग काही आठवड्यांचा लगदा किंवा जेल, आणि त्यानंतर दर वर्ष-दोन वर्षांनी मानेजवळचा एक्स-रे, एवढं सांगणारा डॉक्टर भेटला तर रुग्णानं त्याच्याकडे दिवा नाही म्हणून दुसरीकडे जाऊ नये.